चार वाजताचं जहाज

विमान दीड तास उशिरा उतरलं तरी वहिनीचा चेहरा पडला नाही. तिचं वेळापत्रक आधीच तोंडपाठ होतं. सव्वाअकराला उतरलो, एक वाजता जहाज कंपनीची शेवटची बस, दोनला बंदर, साडेतीनला जहाजाचे दरवाजे बंद आणि चारला जहाज सुटणार. "वन्सं, अजून पावणेदोन तास आहेत हातात," ती मला म्हणाली. मला ती वन्सं म्हणते. चिडली की ताई म्हणते. त्या दिवशी चार वाजेपर्यंत मी दोनदा ताई झाले.

आम्ही तिघं होतो. माझा थोरला भाऊ दादा, त्याची बायको, आणि मी. मी इस्पितळात एक्स-रे काढते. "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हणण्यात एकतीस वर्षं गेली. लग्न केलं नाही, त्यामुळे दादाचं घर तेच माझं घर आणि दादाचा एकुलता एक मुलगा तोच माझाही मुलगा. तो जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून आम्ही त्याला टिल्लू म्हणायला लागलो. आता दारातून जाताना त्याला मान वाकवावी लागते, पण नाव काही त्याच्याबरोबर वाढलं नाही.

हा टिल्लू जहाजावर पाव भाजतो. सहलीची जहाजं असतात, आठ दिवस समुद्रातून हिंडवून आणणारी, तसल्या एका जहाजाच्या पोटात भटारखाना आहे, आणि तिथे हजारभर माणसांच्या न्याहारीचा पाव रोज करणाऱ्या सहाजणांत तो एक. अडीच वर्षं घरी आला नव्हता. एक करार संपला की दुसऱ्यावर सही करायचा. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी उच्चारत नव्हतं. कारण समोरच्या खुर्चीत बसून पेपर वाचत असायचं.

दादा ओतकामासाठी लाकडी साचे करतो. यंत्राचा जो भाग लोखंडात ओतायचा तो आधी लाकडात हुबेहूब करायचा, केसाइतकाही फरक चालत नाही. असं काम करणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. टिल्लूने तेच शिकावं हे त्याच्या जन्माआधीच ठरलेलं होतं. तो आठ महिने गेलाही कारखान्यात. मग एका सोमवारी उठला आणि म्हणाला, "बाबा, मला लाकूड कळत नाही. मला पीठ कळतं." दादाने त्याच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही, फक्त टाकलं. फोन आला की स्पीकरवर ठेवायचा, आवाज ऐकायचा आणि वहिनीला खुणेने सांगायचा, जेवतो का विचार.

जहाजावर काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा घरच्यांना सहलीला बोलावता येतं. टिल्लूने तिघांची तिकिटं पाठवली. दादा तीन महिने हो-नाही काही बोलला नाही. मग एक दिवस माळ्यावरून लाकडाची एक जुनी फळी काढली आणि अंगणात रंधा मारत बसला. आठवड्याने आम्हाला दाखवलं: पाव भट्टीत सरकवायचं लांब दांड्याचं फावडं. पातं इतकं गुळगुळीत की त्यावर बोट ठरत नव्हतं. दांडा दोन तुकड्यांत, मध्ये लाकडातच कापलेला पेच, म्हणजे बॅगेत मावेल. जहाजावर असलं काही वापरतात की नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. वहिनी आत जाऊन डोळे पुसून आली आणि म्हणाली, "कांद्यांनी." त्या दिवशी घरात कांदा नव्हता.

तर त्या फावड्यापाशी आम्हाला अडवलं.

बॅगा घेऊन आम्ही बाहेर पडायच्या दाराकडे निघालो, तेवढ्यात एका बाईने हात करून दादाची बॅग बाजूच्या टेबलावर घ्यायला लावली. निळा गणवेश, हातात रबरी मोजे, आवाज अगदी सौम्य. सौम्य आवाजाच्या माणसांशी भांडता येत नाही हा माझा इस्पितळातला अनुभव. तिथली भाषा आम्हा तिघांत मलाच येत होती, तीही कामापुरती. परदेशी पेशंट येतात त्यांच्याकडून उचललेली. "कुठे दुखतं" हे मी उत्तम विचारू शकते.

"हे लाकूड आहे," ती बाई म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

"कच्चं लाकूड तपासल्याशिवाय नेता येत नाही. इथेच सोडून सही करून जा, किंवा तपासनीस येईपर्यंत थांबा. ते दुसऱ्या इमारतीत आहेत."

मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "थांबू."

"अहो, बस एकची आहे," वहिनी म्हणाली.

"आत्ता बारा वाजतायत."

"तो माणूस कधी येईल कुणास ठाऊक! सोडा ते. दुसरं करून पाठवू."

दादाने तिच्याकडे असं बघितलं की ती पुढचं वाक्य गिळून बसली. मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही तरी सांगा." मी काय सांगणार? अडीच वर्षांत बाप लेकाशी जे एक वाक्य बोलला होता, ते त्या टेबलावर दोन तुकड्यांत पडलं होतं.

तपासनीस बारा पस्तीसला आला. तरुण होता, डबा अर्धवट टाकून आल्यासारखा तोंड पुसत होता. त्याने फावड्याचे तुकडे उचलून उजेडात धरले, दांडा कानाशी नेऊन बोटाने ठोकला, आणि काचेमागच्या एका मशीनमध्ये ठेवले. पडदा आमच्या बाजूला थोडा वळलेला होता. एकतीस वर्षांची सवय. पडद्यावर चित्र आलं की माझे डोळे आपोआप जातात.

पातं स्वच्छ होतं. दांड्याच्या खालच्या तुकड्यात मात्र, पेचाच्या थोडं वर, तीन बारीक नागमोडी रेषा होत्या. एका रेषेच्या टोकाशी तांदळाच्या कणीएवढा ठिपका. मला सांगायला कुणी लागलं नाही. फळीला आतून कीड होती.

तपासनीस बाहेर आला आणि मला म्हणाला, "आत कीड आहे. जिवंत असण्याची शक्यता आहे. हे ठेवून घ्यावं लागेल, जाळावं लागेल. माफ करा."

"काय म्हणतो?" दादाने विचारलं.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस, लाकडावर नुसता तळवा फिरवून त्याचं वय सांगणारा. मुलासाठी माळ्यावरची सगळ्यात चांगली म्हणून काढलेली फळी. मला वाटलं, एवढं तरी त्याच्यापासून झाकावं.

"नियम आहे त्यांचा," मी म्हणाले. "बाहेरचं लाकूड आत नेऊ देत नाहीत. कुणाचंच नाही."

"कुणाचंच नाही, मग तपासायला कशाला बोलावलं?" दादा म्हणाला. बरोबरच होतं. "याच्या वरचा कोण आहे त्याला बोलव म्हणावं."

बारा चाळीस झाले होते. वहिनीने स्वतःची पर्स उचलली. "तुम्ही बसा वाद घालत. मी जाऊन बस धरून ठेवते." आणि ती दारातून बाहेर गेली. ते दार एकाच बाजूने उघडणारं होतं हे तिला बाहेर गेल्यावर कळलं. आत येता येईना. भाषा येईना. जहाजाचं नाव लिहिलेला कागद छातीशी धरून ती त्या बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिली, हे तिने मला मागाहून सांगितलं. ड्रायव्हर भला होता. पाच मिनिटं थांबला, घड्याळ दाखवलं, आणखी दोन मिनिटं थांबला. मग त्याने हात जोडल्यासारखं केलं आणि वहिनीने पायरीवरचा पाय काढून घेतला.

आत वरचा अधिकारी एक वाजून वीस मिनिटांनी उगवला आणि जे खालच्याने सांगितलं तेच त्याने सांगितलं. मी पुन्हा तेच खोटं मराठीत केलं. दादाने कागद पुढे ओढला आणि सही केली. पेन परत देताना त्याने टोपण उलट्या बाजूला लावलं, आणि ते बसत नाही म्हणून दाबत राहिला. त्या बाईने हळूच पेन त्याच्या हातातून घेतलं.

बाहेर वहिनी दोन रिकाम्या ट्रॉल्यांच्या मध्ये उभी होती. आमच्याकडे बघितलं, दादाच्या सपाट झालेल्या बॅगेकडे बघितलं, आणि एक अक्षर बोलली नाही. तिथूनच मला भीती वाटायला लागली. वहिनी बोलते तोवर सगळं ठीक असतं.

तरी वेळ होता. टॅक्सी मिळाली तेव्हा दीड वाजून गेला होता, आणि बंदर तासाभराच्या वाटेवर. टॅक्सी एक बाई चालवत होत्या. पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, गाडीत कापूर ठेवल्यासारखा वास. मी जहाजाचं नाव सांगितलं. त्यांनी आरशातून आम्हा तिघांना बघून घेतलं आणि म्हणाल्या, "पोचवते. निवांत बसा." निवांत हा शब्द त्यांनी उच्चारला आणि वीस मिनिटांनी रस्ता थांबला.

नुसता थांबला. पुढे तीन रांगांत गाड्या, मागे तीन रांगांत गाड्या, दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या सिमेंटच्या भिंती. टॅक्सीवाल्या बाईंनी रेडिओ लावला. रंगाचे डबे घेऊन जाणारा ट्रक उलटला होता. माणूस कुणी दगावला नव्हता, पण रस्ता निळा झाला होता आणि त्यावरून चाकं घसरत होती. धुतल्याशिवाय सोडणार नव्हते.

"किती वेळ?" मी विचारलं.

"रंग किती आहे त्यावर," त्या म्हणाल्या.

अडीच वाजले. वहिनीच्या मांडीवर फोन होता आणि त्यावर टिल्लूचे निरोप येत होते. कामावर असताना त्याला बोलता येत नसे, लिहिता यायचं. कुठे आहात? मग: बस आली, तुम्ही नाही त्यात. मग: आई, दारावरच्या साहेबांना सांगून ठेवलंय, साडेतीनपर्यंत नक्की थांबतील. वहिनी चष्मा कपाळावर चढवून एकेक अक्षर शोधून उत्तर लिहायची. निघालोय. रस्त्यात आहोत. येतोच. "येतोच" तिने चार वेळा पाठवलं.

"आपण चालत गेलो तर?" ती एकदम म्हणाली.

"कुठे चालत?" दादा म्हणाला. विमानतळ सोडल्यापासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"तुम्ही बोलूच नका."

बाजूच्या गाडीत एक कुटुंब होतं. त्यांनी खिडकी खाली करून आम्हाला बिस्किटं देऊ केली. अडकलेल्या माणसांना एकमेकांचा फार लवकर लळा लागतो. वहिनीने मानेनेच नको म्हटलं. मी एक घेतलं, आणि तिच्या नजरेने ते माझ्या घशात अडकलं. "ताई, तुम्हाला बरं खावंसं वाटतं!"

काय करायचं असतं अशा वेळी? इस्पितळात माझ्या खोलीबाहेर नातेवाईक बसलेले असतात, त्यांना मी रोज सांगते, बसा, बसून राहा, तुमच्या हातात काही नाही. सांगायला काही लागत नाही. बसायला काय लागतं ते मला त्या टॅक्सीत कळलं. वहिनी पायाने ब्रेक-ॲक्सिलरेटर दाबत होती, मागच्या सीटवर बसून, जिथे दाबायला काही नव्हतं.

तीनला गाड्या मुंगीच्या पावलाने हलल्या. तीन दहाला उजवीकडे एक उतार लागला. टॅक्सीवाल्या बाई म्हणाल्या, "जुन्या रस्त्याने जाऊ. कारखान्यांच्या मधून. नदीवर पूल आहे, पलीकडे उतरलं की पाच मिनिटांत बंदर." आणि कुणाच्या होकाराची वाट न बघता त्यांनी गाडी खाली घातली.

तो रस्ता मोकळा होता. बंद गोदामं, पत्र्याची कुंपणं, एका भिंतीवर वाळत घातलेले कामगारांचे कपडे. बाई अशा चालवत होत्या की आम्ही तिघं एकमेकांवर आदळत होतो, आणि वहिनी आठ तासांत पहिल्यांदा हसली. "वन्सं, पोचतोय हो आपण." तिने पर्समधून कंगवा काढला. केस नीट केले, कुंकू ठीकठाक केलं. मग दादाच्या शर्टाची कॉलर सरळ केली. रागात होती, तरी केली.

तीन तेहतीसला टिल्लूचा निरोप: कुठे?

वहिनीने लिहिलं: पूल दिसतोय.

खरंच दिसत होता. दोन उंच लोखंडी मनोरे आणि मध्ये सपाट रस्ता. आणि पुलाच्या उजव्या हाताला, नदीच्या पलीकडच्या काठाशी, पांढरंशुभ्र, सात-आठ मजल्यांचं जहाज. वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "तेच ना? तेच ना?" नाव वाचता येत होतं. तेच होतं.

आमच्यापुढे नऊ गाड्या होत्या. मी मोजल्या. पुढची पुलावर चढणार एवढ्यात घंटा वाजायला लागली, लाल दिवे लागले आणि रस्त्यावर आडवा दांडा खाली आला.

"काय झालं?"

"पूल उचलतायत," टॅक्सीवाल्या बाई म्हणाल्या. "मधला भाग वर जातो सरळ, दोन्ही मनोऱ्यांच्या मधून. मोठी बोट जायची असली की."

"किती वेळ?"

"पंधरा-वीस मिनिटं." मग त्यांनी खिडकीतून नदीकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आज ओहोटी लवकर आहे. पाणी उतरायच्या आत निघतात कधीकधी. सगळे चढले असं वाटलं की थांबत नाहीत."

मी हे वहिनीला सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. पांढरं जहाज काठापासून सुटं झालं होतं. आधी वाटलं आपलेच डोळे फिरतायत. मग जहाज आणि धक्का यांच्यामधे पाण्याची एक पट्टी दिसली, आणि ती रुंद होत गेली.

आमचा रस्ता आमच्याच जहाजासाठी अडवला होता.

वहिनी दार उघडून उतरली आणि पळत सुटली. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी. आडव्या दांड्यापाशी गेली आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. पिवळ्या जाकिटातल्या पहारेकऱ्याने तिला मागे व्हायची खूण केली. ती झाली नाही. मी तिच्यामागे धावले. दादाही आला, सावकाश, टॅक्सीचं दार नीट बंद करून.

जहाज नदीतून फार हळू येत होतं. इतकं हळू की कुणीतरी थांबवेल असं वाटत राहावं. पुलाचा मधला भाग वर टांगलेला, आणि खालून ते आमच्यासमोर आलं, शंभर पावलांवर. वरच्या मजल्यांवर माणसं कठड्याला टेकली होती. रंगीत टोप्या, हातात पेले. ती आमच्याकडे बघून हात हलवत होती. गाड्यांमधून उतरलेले लोकही हात हलवत होते. एका बापाने पोरीला खांद्यावर घेतलं होतं. सगळ्यांचं कसं छान चाललं होतं.

"टिल्लूऽऽ!" वहिनी ओरडली. "अरे टिल्लूऽऽ!"

पांढरे कोट घातलेली दोघं-तिघं खालच्या एका दारात दिसली. त्यांत तो नव्हता. तिच्या हातातला फोन वाजला.

"आई, कुठे आहात तुम्ही? जहाज हललं गं. मी सांगितलं होतं त्यांना, दोन मिनिटं थांबा म्हणून—"

"अरे आम्ही इथेच आहोत! पुलावर! तू समोर आहेस आमच्या! वर ये, कठड्याशी ये, दिसशील मला!"

"मला येता येत नाही, आई. मी खाली आहे, भट्टीत रात्रीचे पाव आहेत. इथे खिडकी नाही. कुठल्या बाजूला आहात?"

"या बाजूला!" वहिनी म्हणाली, आणि हाताने दाखवलं.

तेवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला. मी अगदी जवळ उभी होते म्हणून मला तो दोनदा ऐकू आला. एकदा छातीत धक्का बसेल असा समोरून, आणि क्षणभराने पुन्हा, डब्यातून आल्यासारखा, फोनमधून.

"ऐकलास?" वहिनी रडत होती. "तोच आम्हाला ऐकू आला बघ!"

दादाने हात पुढे केला. वहिनीला कळेना. त्याने फोन तिच्या हातातून घेतला आणि कानाला लावला.

"मी बोलतोय," तो म्हणाला.

पलीकडून आवाज आला: "हां, बाबा."

जहाजाची पांढरी भिंत सरकत होती, खालच्या मजल्यांच्या गोल खिडक्या एकामागून एक जात होत्या आणि तो प्रत्येक खिडकीकडे बघत होता, जसा फुटपट्टी लावून मोजतो तसा. फोन कानाशी होता. ना हा बोलत होता, ना तो. शेवटी जहाजाचा मागचा भाग आला, खाली पाणी घुसळत होतं.

"बाबा," टिल्लू म्हणाला, "भट्टीची घंटा वाजतेय. जाऊ?"

"जा," दादा म्हणाला.

पूल खाली यायला अकरा मिनिटं लागली. तरी टॅक्सीवाल्या बाईंनी आम्हाला बंदरावर नेलं, कारण तो रस्ता दुसरीकडे कुठे जातच नव्हता. तिथल्या कचेरीतली मुलगी खुर्च्या आवरत होती. तिने कॉम्प्युटरवर आमची नावं बघितली. पुढचं बंदर परवा सकाळी, दुसऱ्या देशात. आमच्या कागदांवर जहाजातून तिथे उतरायची परवानगी होती. विमानाने जायची नव्हती.

"म्हणजे पाण्यातून गेलं तर चालतं आणि हवेतून गेलं तर नाही?" वहिनीने विचारलं. मी भाषांतर केलं. मुलगी म्हणाली, "हो, अगदी बरोबर," आणि तिला स्वतःलाच ते वाईट वाटलं असावं, कारण तिने आम्हाला पाणी आणून दिलं.

जहाज आठव्या दिवशी सकाळी याच धक्क्याला परत येणार होतं. आमचं परतीचं विमान त्याच संध्याकाळचं. मधले दिवस आम्ही टॅक्सीवाल्या बाईंच्या मावशीकडे काढले. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाच्या वर दोन खाटांची खोली होती. तिसरी गादी जमिनीवर. खालच्या यंत्रांमुळे फरशी दिवसभर गरम असायची. वहिनी शिवणकाम करणारी, तिला रिकामे हात सोसत नाहीत. वहिनीने दुसऱ्या दिवशी मावशींचे सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले.

तिसऱ्या दिवशी ती फुटली. दादा खिडकीशी बसला होता. तिने सुई पडद्यात खोचली आणि म्हणाली, "एका लाकडापायी. अडीच वर्षं मी त्या पोराला बघितलं नाही, आणि तुम्ही एका लाकडाच्या तुकड्यापायी!"

दादाने मान खाली घातली. ते मला बघवलं नाही. मला वाटलं, आता खरं सांगितलं तर त्याच्यावरचं ओझं हलकं होईल.

"दादा," मी म्हणाले, "ते त्यांनी सोडलंच नसतं. दांड्यात कीड होती. मी पडद्यावर बघितलं. तपासनीस तेच म्हणाला होता."

त्याने वर बघितलं. "काय म्हणाला होता?"

"आत कीड आहे म्हणाला."

"आणि तू मला सांगितलंस, नियम आहे."

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "अगं," तो म्हणाला, "किडकं लाकूड मी कुणाला दिलंय का आजवर? तू सांगितलं असतंस तर तिथल्या तिथे सही करून उठलो असतो. बारा चाळीस झाले होते. बस उभी होती."

खाली यंत्र फिरत होतं. वहिनीने सुई पुन्हा काढली, पण टाका घातला नाही. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी वाट बघत राहिले की ती आता मला ताई म्हणेल. ती काहीच म्हणाली नाही. रोज शंभर माणसांच्या आतलं चित्र काढून जसंच्या तसं डॉक्टरच्या हातात देते मी. एकदाच हात आखडला.

पुढचे दिवस गेले, जसे जातात तसे. वहिनी माझ्याशी बोलत होती. चहा घ्या, पंखा कमी करा, एवढं. सहाव्या दिवशी तिने माझ्या सदऱ्याचं सुटलेलं बटण न सांगता लावून दिलं. त्यावरून मी जे समजायचं ते समजले.

आठव्या दिवशी सकाळी सहापासून आम्ही बंदराच्या फाटकाशी होतो. जहाज सातला आलं. आधी प्रवासी उतरले, उन्हाने लाल झालेले, हसत, बॅगा ओढत. मग माल चढू लागला. टिल्लू नऊ वाजता आला. उतरायचा आणि नवे लोक चढायचा दिवस म्हणजे भटारखान्याचा सगळ्यात वाईट दिवस, त्याला पंचवीस मिनिटं मिळाली होती. पांढरा कोट, डोक्याला जाळी, कोपरापर्यंत पीठ. अडीच वर्षांत त्याला मिशी आली होती आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनीने त्याला धरलं आणि सोडेचना. तिच्या काळ्या ब्लाउजवर त्याच्या हातांचे पंजे उमटले. माझ्याही पाठीवर उमटले असणार.

दादा एक पाऊल मागे उभा होता. पंधरा मिनिटं तशीच गेली. वहिनी विचारत होती, टिल्लू सांगत होता. पुढच्या महिन्यात दुसरं जहाज. अकरा महिन्यांचा करार. सही झाली आहे.

मग दादा पुढे झाला. "किती वाजता उठतोस?"

"अडीचला, बाबा."

"रोज?"

"रोज."

दादाने त्याचा उजवा हात धरला आणि उलटा केला. मनगटाच्या वर आडव्या भाजल्याच्या खुणा होत्या, जुन्या पांढऱ्या आणि एक ताजी. दादाने आपला अंगठा ताज्या खुणेच्या बाजूने फिरवला, तिला लागणार नाही असा.

"मलम लावतोस का?"

"लावतो."

"लावत जा," दादा म्हणाला. आणि हात सोडला नाही. टिल्लूही ओढून घेत नव्हता. फाटकातल्या पहारेकऱ्याने त्याला हाक मारली, मग दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला टिल्लूनेच दुसऱ्या हाताने दादाची बोटं एकेक करून सोडवली, आणि पाठीमागे न बघता पळाला. बघितलं असतं तर जाता आलं नसतं, असं वहिनीचं म्हणणं. मला वाटतं त्याची वेळ संपली होती.

नऊ वाजून तीस मिनिटं झाली होती. विमान संध्याकाळी सहाचं होतं. वहिनीने पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "निघू या का आताच?" आठ तास आधी. कुणीच "एवढ्या लवकर कशाला" म्हणालं नाही.